निशाणी नांगर

२०२३ सालच्या दिवाळीच्या आसपासची गोष्ट. रात्री साडेनऊला गावाकडून चुलतभावाचा फोन. हा माणूस आम्हाला दिवाळीच्या शुभेच्छासुद्धा दुसऱ्या दिवशी, आणि त्याही दुसऱ्याने पाठवलेला फोटो पुढे ढकलून देतो. त्यामुळे नाव बघूनच पोटात गोळा आला.

"दादा, ती पत्र्याची पेटी तुझ्याकडंच हाय न्हवं?"

"आहे. का रे?"

"त्यातलं मोडीचं कागूद टाकलं न्हाईस ना कुठं?"

टाकले नव्हते. पण एकोणीस वर्षांपूर्वी याच भावाने मला ते कागद नदीत सोडायला सांगितलं होतं. (नदी म्हणजे आमची नीरा.) तो हे विसरला होता की नाही, मला ठाऊक नाही. मी विसरलो नव्हतो. गेली दोन वर्षं हे लिहावं की नाही यावर डोकं खाजवतोय, कारण हा ब्लॉग वाचणाऱ्यांत निम्मे आमचेच पाव्हणेरावळे आहेत. तर मंडळी, लिहितोय. रागावलात तर दसऱ्याला बावड्याला भेटू, तेव्हा काय ते समोरासमोर बोला.

आधी पेटीबद्दल. बावडा म्हणजे इंदापूरहून अकलूजला जाताना लागतं ते आमचं गाव. पुणे जिल्ह्याचं टोक. नीरा ओलांडली की सोलापूर जिल्हा. पुढे नीरा नरसिंहपूरला नीरा आणि भीमा एकत्र येतात. आता सगळीकडे ऊस दिसतो, पण आजीच्या तोंडून ऐकलेलं बावडा म्हणजे ज्वारी, बाजरी आणि दुष्काळ. जुन्या घरात माळवदाखालच्या फडताळात ही पत्र्याची पेटी असायची. तिच्यात लाल बासनात बांधलेले मोडी कागद. किती होते कोण जाणे. आजी सांगायची की तिच्या सासूने एक अख्खं गाठोडं बंब पेटवायला वापरलं. "कुणाला वाचता येतंय म्हणून ठेवायचं?" उरले ते तीन. एक मोठा आणि दोन फाटके.

आजोबा सही मोडीत करायचे. शाळेत शिकले होते. सोसायटीच्या पावत्यांवर त्यांची ती वळणदार सही आम्ही मुलं गिरवून बघायचो. पण पेटीतला कागद त्यांना लागत नव्हता. शाळेतली मोडी वेगळी आणि कुलकर्ण्याची पळती मोडी वेगळी, असं ते म्हणायचे. वडिलांच्या पिढीला तर सहीपुरतीही आली नाही. म्हणजे एका घरात पन्नास-साठ वर्षांत एक लिपी संपली. कुणी बंदी घातली नाही, कुणी जाळपोळ केली नाही. संपली.

तशी ही लिपी सातशे वर्षं टिकली होती. यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे हेमाडपंत, याने ती आणली असं परंपरा सांगते. लंकेहून आणली अशीही कथा आहे, ती सोडून देऊ. शिवकाळ, पेशवाई आणि कंपनी सरकार, सगळ्यांचा कारभार मोडीत चालला. विल्यम कॅरीने १८१० साली सेरामपूरला मराठीचा कोश छापला, त्यातले मराठी शब्द मोडी टाइपात आहेत. पण छपाईने पुढे बाळबोध, म्हणजे देवनागरी, पसंत केली. सुटी सुटी अक्षरं खिळ्यांना सोयीची. १९१७ साली मुंबई सरकारने कारभारातूनही मोडी काढून बाळबोध आणायचं ठरवलं. शाळांत ती त्यानंतरही काही दशकं शिकवली जात होती, पण ज्या अक्षराला कचेरीत किंमत नाही ते पोरं किती दिवस गिरवणार?

मोडीची गंमत अशी की ती वाचण्यापेक्षा लिहायला सोपी. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरं तिला लटकवत जायचं. शब्द तोडायचे नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्वदीर्घाची भानगड नाही. वर संक्षेप. 'छ' म्हणजे चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख. जुन्या कागदांत सालं अरबी शब्दांत. 'इसन्ने अशर मया व अलफ' दिसलं की दोन, दहा, शंभर आणि हजार मिळवा. झाले १११२. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवा, महिना बघून, की इसवी सन १७११-१२. वाचणाऱ्याला लिपी तर हवीच, शिवाय त्या काळची भाषा, जमीनमहसूल, मापं आणि माणसांची नावं हवीत. म्हणूनच बाराखडी पाठ झालेला माणूस खरा कागद समोर आला की गप्प बसतो. (स्वानुभव!)

असो. २००३ च्या दिवाळीत मी ते तीन कागद पुण्याला आणले. घरात एक समज पिढ्यान् पिढ्या चालत आला होता, की मोठा कागद म्हणजे सनद आहे. कुणा राजाने आमच्या पूर्वजाला इनाम दिल्याची. त्याला कारणही होतं. पुणे, सुपे, इंदापूर, चाकण ही भोसल्यांची जहागीर. आपल्या तालुक्याचं नाव शाळेच्या इतिहासात वाचलेलं, त्यात घरात जुना कागद. मग सनदेशिवाय दुसरं काय असणार? तात्यांनी, म्हणजे माझ्या मोठ्या चुलत्यांनी, तर तिच्यासाठी चौकट करायला टाकायचं ठरवलं होतं.

ओळखीतून एका सरांचा पत्ता मिळाला. मी त्यांना सरच म्हणणार आहे, का ते पुढे येईलच. सरकारी नोकरीतून निवृत्त, पेठेत दोन खोल्या, खिडकीशी उतरतं मेज आणि एक भिंग. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे हे तुम्हाला माहीत असेल. रुमालांत बांधलेले कोट्यवधी कागद. रियासतकार सरदेसायांनी त्यातून निवडून पंचेचाळीस खंड काढले, तरी तो डोंगराचा एक खडा. सरांचं आयुष्य अशाच कागदांत गेलं होतं. त्यांनी आमचा मोठा कागद उजेडाकडे धरला, दोन मिनिटं बघितला आणि म्हणाले, "ठेवून जा. घाई करू नका." पैशाचं विचारलं तर हात हलवला.

मग डिसेंबर आला. त्या वर्षीचं पुण्यातलं वातावरण ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जेम्स लेन या अमेरिकन अभ्यासकाचं शिवाजी महाराजांवरचं इंग्रजी पुस्तक २००३ साली आलं. त्यातल्या एका मजकुराने लोक भडकले, आणि तो मजकूर होताही भडकण्यासारखा. पुण्यातल्याच इतिहासकारांनी पत्र लिहून आक्षेप घेतला. प्रकाशकाने नोव्हेंबरमध्ये पुस्तक भारतातून मागेही घेतलं. इथे विषय संपायला हवा होता. पण लेनने पुस्तकाच्या सुरुवातीला पुण्यातल्या काही विद्वानांचे आभार मानले होते. मग शोध सुरू झाला तो त्या आभाराच्या यादीतल्या माणसांचा. २२ डिसेंबरला संस्कृतचे विद्वान श्रीकांत बहुलकर यांच्या तोंडाला शिवसैनिकांनी काळं फासलं. त्यांनी लेनला संस्कृत मजकूर समजून घ्यायला मदत केली होती. ५ जानेवारी २००४ ला संभाजी ब्रिगेडची शे-दीडशे माणसं भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत घुसली. कपाटं उलथली, पुस्तकं फाडली, काचा फोडल्या. १९१७ साली स्थापन झालेली संस्था. इथेच देशभरातली हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती जवळजवळ पन्नास वर्षं खपून तयार झाली. गजानन मेहेंदळे, ज्यांनी शिवचरित्रासाठी मोडी, फारसी, पोर्तुगीज असं काय काय आत्मसात केलं, त्यांनी त्या काळात संतापाने स्वतःच्याच हस्तलिखिताची शेकडो पानं फाडून टाकली. (ते २०२५ साली गेले.)

दुसऱ्या दिवशी, ६ जानेवारीला, मी सरांकडे गेलो. खरं कारण सांगतो, लाज वाटली तरी. सर अधूनमधून भांडारकरमध्ये जातात हे मला माहीत होतं आणि मला भीती होती की आमची 'सनद' तर तिथे नव्हती ना! दार सरांनी साखळी न काढता उघडलं. माझा चेहरा बघून साखळी काढली. कागद मेजावरच होता, टाचणी न लावता, दोन पुठ्ठ्यांत नीट ठेवलेला. मी सुटलो. मग मला सुचलं की काहीतरी विचारायला हवं, म्हणून विचारलं, "सर, तिकडे फार नुकसान झालं का?"

ते म्हणाले, "पुस्तकं उचलून ठेवायला पोरं येतायत. ते होईल." आणि थोड्या वेळाने, "आभाराच्या पानावरून माणसं शोधली हो."

मला तेव्हा त्याचा अर्थ नीटसा कळला नाही. पुस्तकं उचलायला लोक खरोखरच आले होते, विद्यार्थी आले, नागरिक आले. मोलाची हस्तलिखितंही बरीचशी वाचली. पण सर पुस्तकांबद्दल बोलत नव्हते. बाहेरून कुणी अनोळखी माणूस येतो, एक ओळ लागत नाही म्हणतो, आणि तुम्ही तुमचं ज्ञान त्याला चहाबरोबर देता. या व्यवहारावर सगळा इतिहास उभा आहे. राजवाडे गावोगाव पायपीट करून कागद मागत हिंडले आणि त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' काढली, ती याच व्यवहारावर. आता त्या चहाची किंमत ठरली होती.

सरांचं वाचन मे महिन्यात तयार झालं. फुलस्केप कागदावर स्वच्छ बाळबोधीत, ओळीला ओळ. एका शब्दाशी कंसात प्रश्नचिन्ह होतं. खाली अर्थ. तो वाचून मी पुण्यातच दोन दिवस गप्प होतो.

सनद नव्हती. कर्जरोखा होता.

शके १७९०, विभवनाम संवत्सर, म्हणजे १८६८-६९. आमच्या खापरपणजोबांनी सावकाराकडून पंच्याऐंशी रुपये घेतले, दरमहा शेकडा दोन रुपये व्याजाने, आणि विहिरीजवळचं रान गहाण टाकलं. नावाआधी जात लिहिली होती, 'कुणबी'. शेवटी सही नाही. सहीच्या जागी एक चित्र, दोन तिरप्या रेघा आणि एक आडवी, आणि शेजारी लिहिणाऱ्याच्या हातचं 'निशाणी नांगर'. लिहिता न येणारा शेतकरी सहीऐवजी नांगर काढायचा, व्यापाऱ्याची निशाणी तराजू असायची.

सरांनी मला समोर बसवून तो काळ सांगितला होता. आमचा इंदापूर तालुका इंग्रजांच्या जमीनमोजणीत फार महत्त्वाचा. प्रिंगलची आधीची पाहणी फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी पद्धत बसवली, ती १८३६ साली पहिल्यांदा इंदापुरात, तीस वर्षांच्या कराराने. ती पुढे मुंबई इलाखाभर गेली. तीस वर्षं संपली आणि फेरपाहणीत सारा वाढला. त्याच सुमाराला अमेरिकेतली यादवी १८६५ ला थांबली, कापसाचा भाव कोसळला, हातातला पैसा गेला. आमच्या खापरपणजोबांनी नांगर काढला तो ह्या दोहोंच्या मध्ये सापडून.

आणि सात वर्षांनी, १२ मे १८७५ रोजी, आमच्यापासून फार लांब नाही अशा सुप्याला (आज बारामती तालुक्यात) बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या घरांत शिरले. त्यांना रोखे हवे होते, खतपत्रं आणि वह्या. मिळतील तिथे त्यांनी ते जाळले. दंगा भीमथडी, इंदापूर, शिरूर असा पसरत नगर जिल्ह्यात गेला, पण त्यात माणसांना मारहाण फार थोडी झाली. राग कागदावर होता. त्यातूनच चौकशी आयोग बसला आणि १८७९ चा शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा आला. त्यात शेतकऱ्याचा दस्त सरकारी गावनिबंधकापुढे लिहिला जावा अशी तरतूद झाली, कारण काय लिहिलंय ते नांगर काढणाऱ्याला कळत नव्हतं हे सरकारलाही दिसलं.

हे मी मुद्दाम सांगतोय. मोडीच्या गोडव्याचे लेख बरेच येतात आणि ते वाचताना वाटतं की ती सगळ्यांची लाडकी लिपी होती. ती नव्हती. आमच्यासारख्या घरांना ती दुसऱ्याच्या हातातली काठी होती. सुप्याच्या होळीत शे-दोनशे वर्षांचा इतिहास जळाला असेल, तरी मला त्या लोकांना नावं ठेवता येत नाहीत. त्या कागदात त्यांच्याच गळ्याचा फास होता. २००४ साली भांडारकरात शिरलेल्यांपैकी किती जणांच्या गळ्याला तिथल्या कुठल्या पोथीने फास लावला होता? ह्या दोन गोष्टी एकाच वाक्यात घालणारे लोक भेटतात, दोन्हीकडचे. मला ते पटत नाही.

आता आमच्या घरची बाजू. त्याच मे महिन्यात गावी लग्न होतं, सगळी भावकी जमलेली. तात्यांनी मांडवात सर्वांसमोर मला वाचायला सांगितलं. मी वाचलं. 'कुणबी' या शब्दापाशी कुजबुज झाली आणि 'पंच्याऐंशी रुपये' आल्यावर ती थांबली. मग एकजण उठून म्हणाला की हे वाचणाऱ्याने मुद्दाम केलंय. आपण शहाण्णव कुळी, आपल्याला कुणबी करतो काय? कोण हा? कुठला? आडनाव काय त्याचं? आडनाव मी सांगितलं. सांगायला नको होतं. आडनाव ऐकल्यावर सगळ्यांना सगळं समजलं. कागद न बघता समजलं. ते प्रश्नचिन्हही एकाने दाखवलं, "बघा, त्यालाच येत न्हाई!" जिथे लागलं नाही तिथे लागलं नाही असं लिहिणारा माणूस उरलेलं खोटं कशाला लिहील, हे मला घरी पुण्याला परतताना सुचलं. मांडवात सुचलं नाही. मांडवात मी जेवायला बसलो.

ज्या चुलतभावाचा आता फोन आला, त्याने त्या रात्री सरांना फोन केला. नंबर फुलस्केपवरच होता. काय बोलला ते मला कुणी सांगितलं नाही. मला एवढंच कळलं की सरांच्या पत्नी त्यानंतर आठवडाभर मुलीकडे जाऊन राहिल्या. मला म्हणाला, ते कागद नीरेत सोड.

मी उरलेले दोन कागद आणायला गेलो तेव्हा सर चिडले नव्हते. ते दोन फाटके त्यांनी अजून वाचलेच नव्हते. बासनाला नवी सुती फीत बांधून दिली. कडूलिंबाचा पाला ठेवा, वाळवीला बरा, म्हणाले. मी निघताना म्हणालो की कधी या सगळ्याबद्दल लिहिलं तर तुमचे आभार मानीन.

"लिहा जरूर. नाव मात्र घालू नका."

मी माफी मागितली नाही. मागायला गेलो होतो आणि चहा पिऊन आलो.

त्यानंतर ऑगस्ट २०१५ मध्ये दोन बातम्या बारा दिवसांच्या अंतराने आल्या. १८ तारखेला सीरियात पाल्मायराला खालिद अल्-असाद यांचा शिरच्छेद झाला. ऐंशीच्या पुढचे गृहस्थ, चाळीस वर्षं तिथल्या पुराणवस्तूंचे प्रमुख, दगडांवरचे पाल्मायरीन लेख वाचणारे. ते पळून गेले नाहीत. आणि ३० तारखेला धारवाडला सकाळी दोन माणसं एम. एम. कलबुर्गी यांच्या दारी आली, दार उघडल्यावर त्यांनी गोळ्या झाडल्या. कलबुर्गी म्हणजे जुन्या कन्नड शिलालेखांचे आणि वचनसाहित्याचे मोठे जाणकार, हंपीच्या कन्नड विद्यापीठाचे माजी कुलगुरू. धारवाड आपल्याला परकं नाही, आपल्या कितीतरी गावांतले शिलालेख जुन्या कन्नडात आहेत. (३० ऑगस्ट हीच तारीख १७७३ साली नारायणराव पेशव्यांच्या खुनाची. 'ध' चा 'मा' तिथलाच. आनंदीबाईने अक्षर बदललं याला पुरावा नाही, पण एका मोडी अक्षराच्या फेरफाराने माणूस मरतो हे मराठी माणसाला म्हणीतून पाठ आहे.)

त्या रात्री मला सरांना फोन करावासा वाटला. परदेशात आता धोक्यात सापडलेल्या प्राध्यापकांना दुसऱ्या देशातल्या विद्यापीठांत आसरा मिळवून देणाऱ्या संस्था आहेत. स्कॉलर्स अ‍ॅट रिस्क नावाची १९९९ सालापासून आहे. चांगलं आहे. पण पेठेतल्या दोन खोल्यांत भिंग घेऊन बसणाऱ्या पेन्शनरला रात्री फोनवर दम दिला, तर ते कुठल्या यादीत येणार? त्याला धोक्यात घालणारे आम्ही होतो आणि आसरा द्यायलाही आम्हीच होतो. फोन केला नाही. सर २०२० च्या उन्हाळ्यात गेले. मला कळलं चार महिन्यांनी.

मध्यंतरी लिपीला मात्र चांगले दिवस आले. जून २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला जागा मिळाली, म्हणजे आता ती संगणकावर रीतसर लिहिता येते. पुराभिलेख विभागाचे वर्ग भरतात, भारत इतिहास संशोधक मंडळातही मोडी शिकवतात. २०२५ साली रुडकीच्या आयआयटीतल्या संशोधकांनी दोन हजारांहून जास्त मोडी पानांच्या प्रतिमा आणि त्यांचं देवनागरी असा संच तयार करून यंत्राला वाचायला शिकवलं. मला या सगळ्याचं कौतुक आहे. यंत्राला आडनाव नसतं, हा एक फायदाच म्हणायचा. पण त्याला शिकवायला जी पानं आधी कुणीतरी वाचून दिली असतील, तो कुणीतरी माणूसच.

आणि मग सप्टेंबर २०२३. मराठा आरक्षणासाठी आंतरवाली सराटीला उपोषण झालं आणि सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. जुन्या दप्तरांत 'कुणबी' अशी नोंद शोधायची. आधी मराठवाड्यात, मग राज्यभर. जन्ममृत्यूच्या वह्या, कोतवाल बुकं, जमिनीची दप्तरं, आणि त्यातलं किती तरी मोडीत! तहसील कचेऱ्यांत एकदम मोडी वाचणाऱ्यांची टंचाई. ज्या माणसांना कुणी कुत्रं विचारत नव्हतं त्यांना गाड्या पाठवून बोलावणी. आणि म्हणून तो दिवाळीतला फोन.

"त्यात कुणबी लिवलंय म्हणालतास न्हवं तू? मांडवात?"

मी म्हणालो, "मी नाही, सर म्हणाले होते."

तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "परत वाचून घ्याया लागंल."

पेटी घेऊन मी गावी गेलो. वाचायला एक मुलगी आली होती, विशी-बाविशीची, स्कूटीवर. तिने मोडीचा वर्ग केला होता. भावाने तिला सरांचं वाचन दाखवलं नाही, मुद्दाम. ओसरीवर सतरंजी टाकून ती बसली आणि मोबाईलने कागदाचे फोटो काढून मोठे करून वाचू लागली. तीन तास लागले. तात्या आता नव्वदीत आहेत. त्यांना ऐकू कमी येतं, पण खुर्ची जवळ ओढून बसले होते. तिने मोठ्याने वाचलं. शके १७९०, कुणबी, पंच्याऐंशी रुपये, विहिरीजवळचं रान. नांगराच्या निशाणीवर तिने बोट ठेवलं तेव्हा तात्यांनी कागद हातात मागितला, आणि बराच वेळ दिला नाही.

हा कागद दाखल्याला चालतो की नाही ते कचेरीवाल्यांचं काम, त्यात मी पडलो नाही. मी पिशवीतून सरांचा फुलस्केप काढून तिच्यापुढे ठेवला. तिने दोन्ही शेजारी ठेवून ओळीवर ओळ ताडून पाहिली. दोन ठिकाणी तिचं चुकलं होतं, ते तिने सरांचं बघून दुरुस्त केलं. प्रश्नचिन्हाच्या शब्दापाशी ती थांबली, फोटो मोठा केला, लहान केला, उन्हात जाऊन कागद पाहिला.

"मलाही नाही लागत हा," म्हणाली, आणि तिनेही कंसात प्रश्नचिन्ह ठेवलं.

मग वर तारीख घालताना तिने विचारलं, "हे आधीचं वाचन फार नीट आहे. कुणाचं? वर्गात आम्हाला सांगितलंय, आधी कुणी वाचलं असेल तर नाव लिहायचं."

भाऊ माझ्याकडे बघायला लागला.

मी म्हणालो, नाव घालू नका असं ते म्हणाले होते. तिने कारण विचारलं नाही. पेन क्षणभर हातात धरलं आणि लिहिलं, 'पूर्वीचे वाचन, २००४.' त्याच्या पुढे तिने थोडी जागा मोकळी सोडली आहे.